बाहेर गेलेल्याचा वाटा

…कुरतडलेला. माइकच्या तोंडावरचा काळा स्पंज एका बाजूनं चक्क कुरतडलेला होता — दातांनी की नखांनी, कोण जाणे — आणि त्याला वेलचीचा वास येत होता. म्हणजे काल कुठल्याशा परिसंवादात इथं बसलेला दुभाष्या वेलची चघळत होता आणि कंटाळला होता. पूर्णिमाला कंटाळलेल्या दुभाष्यांचा राग येई. समोर बोलणाऱ्याचा जीव घशाशी आलेला असतो आणि हे आपले रेल्वेच्या घोषणेसारखे गार आवाजात वाक्यं सोडतात. तिनं स्पंज फिरवून धड बाजू आपल्याकडं घेतली, हेडफोन पुन्हा चढवला आणि रायपुरातल्या शंकर नगरच्या त्या सभागृहाच्या अगदी मागच्या भिंतीशी, प्लायवूडच्या खोक्यात ताठ बसली. सकाळपासून तिला परीक्षेच्या दिवसासारखं वाटत होतं. हे काय वय आहे, आणि परीक्षा तरी कसली! पण वाटत होतं.

खोक्याच्या काचेतून तिला नुसत्या पाठी दिसत होत्या. महानदीकाठचे केवट, धरणांवरचे निषाद आणि ढीमर, भंडारा-गोंदियाकडचे ढिवर, सगळे मासेमारीवर जगणारे — पंचे, टोप्या, तेल लावलेले अंबाडे. आणि या सगळ्या पाठींच्या पलीकडे पडद्यावर थेट दिसणारं एक सरोवर. आफ्रिकेतलं. एवढं मोठं की पलीकडचा काठ नाही. अलीकडे पत्र्याच्या छपराखाली दाटीवाटीनं बसलेल्या बायका, आणि त्यांच्या पुढं नाकातो नावाची एक रुंद खांद्यांची बाई, जिच्या मांडीवर बोलताना सुद्धा अर्धं विणलेलं जाळं होतं.

पुढच्या महिन्यात जगभरातल्या लहान मच्छीमारांची सभा भरणार होती. समुद्रवाले आपलं मागणं केव्हाच लिहून मोकळे झाले होते; नद्या, तळी, सरोवरंवाल्यांचं मात्र एका वाक्यावर अडलं होतं, आणि ते वाक्य आज इथं आणि तिथं मिळून ठरायचं होतं — मच्छीमार म्हणायचं कुणाला? ज्याच्या हातात आज जाळं आहे, फक्त त्यालाच? की तळं आटलं, पाणी ठेकेदाराकडं गेलं, धरणावर सूर्याच्या विजेच्या पाट्या तरंगायला लागल्या म्हणून जो काठ सोडून शहरात गेला, त्यालाही? साधं वाक्य. पूर्णिमाला त्यातलं दुसरं पाहिजे होतं. इतकं पाहिजे होतं, की सकाळी पंडरीच्या चौकात ऑटोची वाट बघताना ती ते मोठ्यानं पुटपुटली होती आणि शेजारचा माणूस जरा सरकून उभा राहिला होता. पण दुभाष्याला मत नसतं. दुभाष्या म्हणजे पाण्याचा पाट, पाटानं कुठं म्हणायचं असतं की मला या शेतात नको, त्या शेतात जायचंय?

आणि दुभाष्याला गावही नसतं… म्हणूनच सकाळी ओळखी करून देताना पहिल्या रांगेतला तो वाळका म्हातारा उठून म्हणाला, "गंगाधर दिघोरे, पळसटोला, तलावाच्या सोसायटीचा अध्यक्ष," तेव्हा तिनं ते तेवढंच इंग्रजीत सांगितलं. पळसटोला. तिच्या बाबांचं गाव. आवाज हलला नाही म्हणून तिनं स्वतःची पाठ थोपटली, आणि लगेच स्वतःचा रागही आला. एवढी कसली अक्कड? जाऊन सांगायला काय होतं, की काका, मी यशवंताची पूर्णिमा? पण मग ते विचारणार, काय करतेस. आणि ती म्हणणार, इंग्रजीचं हिंदी आणि हिंदीचं इंग्रजी. आणि ते म्हणणार, वा. ते "वा" तिला नको होतं. चाळीस वर्षं मासा बाजारातून आणून खाल्लेल्या माणसाची ती मुलगी. बाबा रूळ तपासायच्या नोकरीवर रायपूरला आले ते इथलेच झाले, दर रविवारी पिशवीत कटला घेऊन येत आणि पहिला घास घेताना न चुकता म्हणत, "दुसऱ्यानं धरलेला आहे." चव कशी आहे ते कधीच नाही सांगितलं.

"शुरू कर रहे हैं, दीदी," यशोधनचा आवाज कानात आला. सभेची सगळी जुळवाजुळव त्याच्याकडं होती. घर मराठी, पण मराठीत विचारलं तरी हिंदीतच उत्तर देणारा.

नाकातो इंग्रजीत बोलू लागली, आणि पूर्णिमा हिंदीत तिच्या मागोमाग निघाली. दुभाष्यानं बोलणाऱ्याच्या तोंडचं 'मी' आपल्या तोंडी जसंच्या तसं घ्यायचं असतं, हा या धंद्याचा नियम आहे, आणि ती वर्षानुवर्षं तो पाळत आली होती. मी या काठावर जन्मले. माझी आई मासे वाळवायची. आता पाऊस कधी येतो आणि कधी जातो याला धरबंद राहिला नाही. पाणी चढतं तेव्हा आमच्या झोपड्या बुडवतं आणि उतरतं तेव्हा मासा घेऊन जातं. आणि हे आम्ही केलेलं नाही. हवा तापवणारा धूर आमचा नाही. धूर ज्यांचा, तेच आता उपाय घेऊन आलेत, आणि उपायालाही जागा आमचीच पाहिजे… सभागृहातल्या पाठी हलल्या. कुणीतरी "हव, बने कहत हे" म्हणालं, खरं बोलतेय बाई, अशा अर्थी. पूर्णिमाच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. हे, हे असं व्हायला पाहिजे! त्या काठावरचं इथं येऊन लागायला पाहिजे, नाहीतर कशाला ही वायरींची जाळी.

आम्ही मासा वाटून घेतो, नाकातो सांगत होती. सरोवराच्या एका खाडीत वर्षातून एकदा सगळे मिळून उतरतो. मग काठावर सारखे ढीग घालतो आणि एका मुलाला पाठमोरं बसवतो, आणि तो न बघता सांगतो, हा ढीग कुणाचा —

— पाठमोरं. पळसटोल्याच्या पाळीवर, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधावर, पिंपळाकडं तोंड करून, लहानगी मी. उन्हाळ्याच्या तोंडी पाणी उतरलं की सगळा ढिवर मोहल्ला जाळं ओढायचा, गुडघ्याएवढ्या चिखलात माणसं ओरडायची, मरळ उड्या मारायची, आणि मग ओल्या गवतावर वाटे पडायचे, झिंग्यांची मूठ सुद्धा सगळ्यांत सारखी. "रायपूरची पोट्टी बसवा! तिले काय समजते कोनाचा कोनता!" आणि मला केवढा मान वाटायचा, की मला काही कळत नाही म्हणून मला बसवतात. मागून कुणीतरी एका वाट्यावर काठी ठेवायचं. "हा कोनाचा?" मी म्हणायची, मारोतीकाकाचा. "हा कोनाचा?" सखूमावशीचा. अशी पाठ केलेली सगळी नावं संपली आणि तरी मागून आवाज आला, "अन हा कोनाचा?" पिंपळावर एक मुंगळा चढत होता तो बघत राहिले. मागं सगळे हसायला लागले. मग कुणीतरी म्हणालं, "म्हन ना पोरी, बाहेर गेलेल्याचा म्हन! तुयाच बापाचा आहे तो." गाव सोडून जो गेला, त्याचा वाटा पडतोच, तो येवो न येवो, तो न आला तर त्याच्या भावकीत ज्याच्या घरी कुणी आजारी, खाटेवर असेल तिकडं जातो. पण नाव त्याचंच घ्यायचं. मोठ्यानं घ्यायचं —

"…और एक ढेरी उसकी भी," पूर्णिमाचा आवाज हॉलभर घुमला, चांगला खणखणीत, "जो गाँव छोड़कर बाहर चला गया. उसका नाम लेकर रखते हैं."

आणि मग तिच्या लक्षात आलं, की नाकातो केव्हाच थांबलीय. पडद्यावर ती पाणी पीत होती. हे ती बोललीच नव्हती.

हॉलमध्ये मात्र गलका उठला होता, "अरे, हमर कोती घलो!" "आपल्याकडंबी असंच!" — कुणी शेजाऱ्याच्या मांडीवर थाप मारत होतं, एक बाई उभी राहून हात हलवत होती, सात समुद्रांपलीकडं आपलीच रीत सापडल्याचा आनंद, आणि तो सगळा पूर्णिमाच्या चुकीवर उभा. एवढ्या वर्षांत पदरचा एक शब्द घातला नव्हता. घातला तो आज, आणि असा!

गंगाधर दिघोरे माइक घेऊन उभे राहिले. "बाईले विचारा," ते पडद्याकडं बोट करून म्हणाले, "तो बाहेर गेलेला मानूस तुमच्याकडं मंग मच्छीमार समजते का नाही? अन समजते, तं ते आपल्या मागन्यात काहून नाही लिहायचं?"

झालं. नेमका तोच प्रश्न. अडलेलं वाक्य जसं काही स्वतःच्या पायांनी चालत आलं होतं. नुसतं इंग्रजी करून सोडून दिलं असतं, तर नाकातो बिचारी गोंधळून काहीतरी बरं बोललीही असती, आणि कदाचित ठरूनही गेलं असतं सगळं. ती लबाडी करायचा मोह झाला — का नाही होणार? तिला पाहिजे होतं ते समोर पिकून लोंबत होतं. पण काचेपलीकडच्या त्या पाठी… पाठमोरं बसवलेल्यानं मागं वळून बघायचं नसतं, एवढी एकच अट असते त्या कामाची. बघितलं तर सगळे वाटे पुन्हा घालावे लागतात.

तिनं इंग्रजीत आधी प्रश्न सांगितला, मग म्हणाली, "हा प्रश्न तुम्ही न बोललेल्या वाक्यावर आहे. ते वाक्य माझं आहे. ती रीत आमच्या गावची आहे. माझी चूक झाली." आणि तेच मग हिंदीत, हॉलला. यशोधननं दोन्ही हात डोक्यावर ठेवलेले तिला दिसले.

पडद्यावर नाकातोनं मान तिरकी केली. मग ती हसली, अशी हसली की मांडीवरचं जाळं घसरून खाली गेलं, आणि शेजारणींना काहीतरी सांगून त्यांनाही हसवलं, आणि मग इंग्रजीत म्हणाली ते पूर्णिमाला आपल्याच तोंडानं सांगावं लागलं, दुसरा कोण होता सांगायला? — "मग मला काय विचारता? तुमची बाई तिथं मागं बसलीय, तिला विचारा."

सगळ्या पाठी वळल्या. एवढे चेहरे! खोक्याच्या काचेतून आजवर तिला इतके चेहरे एकदम कधी दिसले नव्हते.

"कोन्या गावची तू?" गंगाधर दिघोरे तिथूनच, माइकवरूनच.

"पळसटोला." माइकमध्ये हळूच बोलली, तरी हॉलभर ऐकू गेलं.

"कोनाची?"

"यशवंताची. रेल्वेतल्या."

म्हातारा रांगांमधून काठी टेकत थेट काचेपाशी आला. जवळून त्यांचे डोळे पाणावलेले होते की वयानं तसे होते, कळेना. "तं सकाळपासून डब्यात बसून काय करून राहिली? सांगाचं नाही का, पोरी?"

"काका…" तिनं दार उघडलं. काय विचारायचं होतं ते तिला नीट माहीत होतं आणि तरी ते वेडंवाकडंच बाहेर आलं. "बाबांचा वाटा… बाबा तर आता नाहीत. अजून पाडता का तो?"

"नाव नाही पुसत आमी. तो गेला तवापासून तुया नावानं आहे. काहून नाही पाडनार?" काठीवरचा हात त्यांनी बदलला. "पन पाडाले काही असलं पाहिजे ना बाई. सारा पाऊस एका झडीत आला, पाळ फोडून गेला. राहिलं ते होळीच्या आधी सुकलं. मागच्या सालीबी तसंच. जाळंच नाही ओढलं कोनं. तुहा वाटा नाही पडला तं माहा बी नाही पडला." आणि मग, जरा चिडूनच, "म्हनून तं आलो ना इथं! आता तू बोल. मी बोललो तं लोक म्हनतीन, म्हाताऱ्याचं आपलं काहीतरी. वाटा तुहा आहे, तूच सांग त्याहिले."

"लेकिन दीदी," यशोधन धावत आला होता, "आप बोलोगे तो इंटरप्रेट कौन करेगा?"

"मीच," ती म्हणाली. "आधी मराठीत बोलीन. मग हिंदी-इंग्रजी दोन्ही." त्याला मराठी कळतं हे तिला माहीत होतं. त्यानं पुढच्या माइकपर्यंतची वाट मोकळी केली.

रांगांमधून जाताना तिला वाटलं होतं, आता भीती वाटेल. वाटली नाही. डाव्या बाजूच्या बाईनं पाय आत ओढून घेतले, कुणीतरी खुर्ची सरकवली, पडद्यावर त्या बायका एकमेकींना कोपरानं ढोसून गप्प करत होत्या. वाटा आहे… आहे, नाव पुसलेलं नाही, माझं नाव घेतात तिथं — आणि वाटा नाही, कारण तळ्यात पाणी नाही. हे दोन्ही एकाच वाक्यात कसं बसवायचं? दुसऱ्याचं असतं तर बसवलं असतं तिनं चुटकीसरशी. असल्या वाक्यांवरच तर पोट होतं तिचं. शहरातल्या बाईला काय गमवायला असतं, असं ती आजवर मानत आली होती; तलाव आटला तर बातमी वाचायची, हळहळायचं, ऑटो पकडायचा. आणि आता तिचा स्वतःचा मासा, मरळ, झिंग्यांची मूठ, कुणीतरी कुठंतरी धूर सोडून सुकवून टाकला होता. तिला राग आला. खरा राग, आपली वस्तू गेली की येतो तसा, आणि त्या रागाखाली, लाज वाटावी असा, ती आपली होती याचा लख्ख आनंद. तो लपवायचा प्रयत्नही तिनं केला नाही. मागण्यातलं ते वाक्य मान्य होईल की नाही, कुणास ठाऊक. समोर सगळे वाट बघत होते, आणि तिला फक्त घाई झाली होती, शब्द सापडायच्या आधीच बोलायला लागायची.