वहीत रोज उकळणारा स्टरलायझर

मी एक जुना स्टरलायझर आहे. मोरव्यापासून पालीपर्यंतच्या समस्त जनतेचे आरोग्य एकेकाळी माझ्या पोटात सुरक्षित होते. निदान कागदोपत्री तरी होते. प्रत्यक्षात, मित्रांनो, माझ्या पोटात गुणवंत डॉक्टरांची चहाबरोबरची खारी बिस्किटे असत.

खारीसाठी मी फारच सोयीचा होतो. झाकण घट्ट, मुंगी शिरायची बिशाद नव्हती.

माझा जन्म १९८७ सालचा. स्टीलचे अंग, आत भोकाभोकांची जाळी, तळाशी कॉइल, बाजूला लाल दिवा. मला घडवणाऱ्या कारागिराने शेवटचा स्क्रू आवळला, पोटात पाणी भरले आणि वीस मिनिटे खळखळ उकळवून पाहिले. त्या काळी इंजेक्शनची पिचकारी काचेची असे. तीच पिचकारी, तीच सुई, एकामागून एक दहाजणांना. मधल्या वेळात ती उकळायची, म्हणजे एकाचा रोग दुसऱ्याला लागत नाही. हे माझे काम. मी तेव्हा इतका फुगलो होतो की झाकण आपोआप उडाले असते.

मोरव्यातल्या दवाखान्यात मी आलो आणि काचेच्या कपाटात बसलो. गुणवंत डॉक्टर माणूस हसतमुख होते, पण घाईचे. बाहेर तीस पेशंट असताना वीस मिनिटे कोण थांबणार? सुई ते कोमट पाण्याच्या पेल्यात दोनदा बुडवत, झटकत आणि पुढच्याला बोलावत. वर्ष सरता सरता त्यांच्या टेबलफॅनचा प्लग जळाला. कंपाउंडर बबनने माझा काढून त्याला लावला. माझी वायर टोकाला दोन तारा घेऊन कपाटामागे लोंबू लागली.

आता तुम्ही म्हणाल, तपासणी होत नसे काय? होत असे ना! डॉक्टरांचे एक मंडळ होते. त्याची समिती दरवर्षी मे महिन्यात येई आणि दवाखाना सुरक्षित असल्याचे प्रमाणपत्र देऊन जाई. त्या दिवशी खारी बाहेर, मी आत-बाहेर घासूनपुसून टेबलावर. समितीचे अध्यक्ष पंढरीनाथ साहेब माझ्यावर टिचकी मारत, नाद ऐकत आणि म्हणत, "छान आहे."

मग फाफडा-जिलेबी येई. ही जिलेबी साधी नव्हती, हं. समिती ती खात असताना बबन मला पिशवीत घालून मागच्या दाराने रिक्षात बसवी आणि रेल्वेचे फाटक ओलांडून नया नगरात उदय डॉक्टरांकडे पोचवी. त्यांच्याकडे स्टरलायझर नव्हताच. तासाभराने समिती तिथे येई, पंढरीनाथ साहेब पुन्हा मला टिचकी मारत आणि म्हणत, "हाही छान आहे."

सहा वर्षांत माझी बारा वेळा तपासणी झाली. बाराही वेळा मी उत्तीर्ण. पाणी मात्र एकदाही उकळले नाही. एवढ्या टिचक्या खाऊन कुणीही बेशरम झाला असता. मी स्टीलचा असूनही मला लाज वाटायची.

माझ्याइतकीच लाज आणखी एकीला वाटायची. संघप्रिया, दवाखान्यातली नर्स. तिचे आईवडील मराठवाड्यातून आलेले, घर तिच्या पगारावर. "आज सुया उकळल्या" अशी रोज सही करायची एक वही होती. डॉक्टर ती वही तपासणीच्या आदल्या दिवशी तिच्यापुढे टाकत. मग ती एका बैठकीत वर्षभराच्या सह्या करी, त्याही तीन वेगवेगळ्या पेनांनी, म्हणजे खऱ्या वाटाव्यात.

१९९३ साली पालीच्या कमळाबाई तापाचे इंजेक्शन घेऊन गेल्या आणि महिन्याने लंगडत परत आल्या. मासळी विकणारी धट्टीकट्टी बाई, पण सुई टोचली तिथे गळू झाले होते. ते कापावे लागले, पुन्हा भरले. डॉक्टर म्हणाले, मावशी, तुमचे रक्तच खराब. मलमपट्टी संघप्रियाने केली. तेव्हा कमळाबाई तिला म्हणाल्या, "बसू न्हाय शकत गो. बाजारात उभ्यानं मासली इकतेय." संघप्रियाने कपाटाकडे पाहिले. खारीसकट मला पाहिले.

त्या वर्षीच्या तपासणीला कमळाबाई स्वतः येऊन दारात उभ्या राहिल्या. पंढरीनाथ साहेबांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि समजूत घातली. "बाई, यंत्र आहे, वही आहे, वहीत सही आहे. आणखी काय पाहिजे?"

"मंग माझं गळू खोटं हाय?"

गळवाला त्यांच्या अर्जात रकाना नव्हता. साहेबांनी पेनाचे टोपण काढले. जिलेबी आली. बबन पिशवी उघडून माझ्याकडे सरकला.

तेवढ्यात संघप्रिया म्हणाली, "सर, एकदा चालू करून बघा ना."

असे कुणी कधी सुचवलेच नव्हते. साहेबांनी माझी वायर ओढली. टोकाला प्लग नाही. ते त्या दोन तारांकडे बघत राहिले.

"आणि सह्या माझ्या आहेत," ती म्हणाली. "सगळ्या खोट्या. काल केल्यात."

गुणवंत डॉक्टरांचे हसू प्रथमच मावळले. "संघप्रिया, तू घरी जा."

"जाते सर. वीस मिनिटांनी."

तिने बबनच्या खणातून स्क्रूड्रायव्हर घेतला, टेबलफॅनचा प्लग काढला आणि मला बसवला. पोटात पाणी भरले, सुया ठेवल्या, बटण दाबले. माझा लाल दिवा लागला, मित्रांनो! मे महिन्याच्या उकाड्यात, पंख्याविना, चार मोठे डॉक्टर घामाने निथळत माझ्याकडे बघत बसले. कमळाबाई उभ्याच होत्या. बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, पण उकळत्या पाण्याचा डबा पिशवीत कोण घालणार? नया नगरात उदय डॉक्टर रिकाम्या टेबलाशी पाहुण्यांची वाट बघत राहिले. माझ्या आयुष्यातली खरी तपासणी ती एकच.

वीस मिनिटांनी संघप्रियाने बटण बंद केले, वहीत एक खरी सही केली आणि ती घरी गेली.

दुसऱ्या दिवसापासून कमळाबाई मासळीची पाटी घेऊन दवाखान्याच्या दाराशी उभ्या राहू लागल्या. येणाऱ्या प्रत्येकाला त्या मासळीचा भाव सांगत आणि वर सांगत, "आत वही उकळतात, सुई न्हाय." चौथ्या दिवशी आत माशीही फिरकेना. पाचव्या दिवशी गुणवंत डॉक्टर स्वतः संघप्रियाला बोलवायला तिच्या घरी गेले. तिने एकच अट घातली. ती अट म्हणजे मी.

पुढची पाच-सहा वर्षे मी दिवसातून चारदा उकळलो. मंडळानेही त्या प्रकारातून धडा घेतला. पुढच्या वर्षीच्या अर्जात त्यांनी एक नवा रकाना घातला: तपासणीच्या खोलीत पंखा आहे काय?

मग एकदा वापरून फेकायच्या सुया आल्या आणि माझे काम संपले. त्याचे दुःख नाही. पण मित्रांनो, तुम्हाला कुणी सुई टोचायला आले तर वही बघू नका, भिंतीवरचे प्रमाणपत्र बघू नका. सुई कुठून काढली ते बघा. खुशाल विचारा. डॉक्टर रागावले तर रागावू द्या. संघप्रिया एवढ्या चौघांपुढे बोलली, तुम्हाला एक प्रश्न जड नाही.

मी अजून त्याच कपाटात आहे. प्लग पुन्हा पंख्याला गेला, पोटात पुन्हा खारी आली. चालायचेच. फक्त बबनला कुणीतरी एवढे सांगा, झाकण हल्ली सैल झाले आहे, मुंग्या येतात. खारी संपली की चुरा तेवढा झटकत जा म्हणावे.