कानसेन आणि तो धप्प आवाज

ही गोष्ट १९८७ सालची. लेकीचा पाय मोडला म्हणून कानसेनांची बायको तिच्याकडे राहायला गेली. मेहुणा ताईला गाडीत बसवायला आला, तेव्हा मागे थांबून त्याने भावजींचा जुना अँप्लिफायर उघडून आतली धूळही काढून दिली. त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दुसऱ्या दिवशी कानसेनांनी मशीन सुरू केलं आणि स्पीकरमधून 'धप्प' असा आवाज आला.

कानसेन हे नाव मित्रांनी ठेवलेलं. तबकडीवर केस पडला तरी ह्यांना ऐकू येई. सुट्टीच्या दिवशी मित्र जमत. मशीन सुरू करायचं काम कायम बायकोचं. कानसेन आंघोळीला जाताना "मशीन लाव गं" म्हणत आणि बाहेर येईपर्यंत मशीन तयार असे. मग खुर्चीत बसून ते बोट वर करत. "बघा, मशीनचा श्वाससुद्धा ऐकू येत नाही."

त्या सुट्टीला मात्र मित्रांसमोर धप्प झालं. एकाच्या बशीत चहा सांडला.

"वरच्या मजल्यावर कोणी पोतं टाकलं का हो?" तो म्हणाला.

सगळे हसले. त्या दिवशी आलेला मेहुणाही हसला. "भावजी, जुनं मशीन आहे. सुरू होताना एखादा ठोका देणारच."

"इतक्या वर्षांत दिला नाही. तू उघडलंस आणि द्यायला लागलं."

मेहुण्याचं हसू मावळलं. त्याने रेकॉर्ड प्लेअरची वायर काढून मशीन पुन्हा लावून पाहिलं, धप्प. आवाजाचं बटण शून्यावर आणलं, तरी धप्प. "म्हणजे दोष त्याच्या पुढचा आहे," असं पुटपुटत त्याने मशीन उघडलं आणि पेटीतले दोन नवे कपॅसिटर बसवले. पुन्हा सुरू केलं. धप्प.

"तुझ्या हातात रेडिओ देणारे आंधळे असतील," कानसेन सगळ्यांदेखत म्हणाले. "मी बहिरा नाही."

मेहुण्याने हत्यारं गोळा केली. "ताई असेल तेव्हाच येईन आता," एवढंच म्हणाला. मशीनचे स्क्रू वर्तमानपत्रावर तसेच राहिले.

दुसऱ्या दिवशी कानसेनांनी स्वतःच झाकण लावलं आणि फडक्याने पुढची बाजू पुसायला घेतली. सगळ्या बटणांभोवतीची पांढरी अक्षरं कोरी करकरीत होती. एकाच बटणाभोवतीची झिजून पार गेली होती. ते बटण स्पीकर चालू-बंद करायचं. घरात स्पीकरची जोडी एकच, तीही कायमची लावलेली. हे बटण कोण फिरवत होतं?

त्यांनी ते बंदवर नेलं आणि मशीन सुरू केलं. काहीच नाही. बायको मशीन लावायची, तिथेच उभी राहून एखाददुसरा कपडा घडी करायची आणि मग पुन्हा मशीनला हात लावायची. ती धूळ झटकते, असं त्यांना वाटे. थोडं थांबून त्यांनी बटण फिरवलं. हलकीशी टिक झाली, आणि मग तीच त्यांची निवांत शांतता.

त्यांनी लेकीकडे फोन लावला.

"अगं, ते स्पीकरचं बटण..."

"अगोबाई! सांगायचं राहिलंच की!" बायको म्हणाली. "आधी ते बंद, मग मशीन, मग घटकाभर थांबून ते चालू."

"कधीपासून?"

"आणलं त्या आठवड्यापासून. पोरगी एवढीशी होती. आंघोळीच्या पाण्यात तुम्हाला धप्प ऐकू यायचं नाही, पण ती दचकून रडायची, आणि ती रडली की तुम्ही तिच्यावर ओरडायचात. तुम्हाला गप्प करणं जमलं नसतं, म्हणून मशीनला केलं."

ती सहज हसत बोलत होती. कानसेनांच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

"माझ्या भावाला विचारायचं नाही का? बरा आहे ना तो? हॅलो? ऐकताय ना?"

संध्याकाळी ते दुकानात गेले. गिऱ्हाइकं उभी होती. मेहुण्याने मान वर केली नाही.

"मशीनमध्ये तू काही बिघडवलं नाहीस," कानसेन म्हणाले. "ते पहिल्यापासून तसंच आहे. मी चुकलो."

"हे इथे सांगून काय उपयोग? बोललात ते कुणासमोर?"

पुढच्या सुट्टीला मित्र जमले. मेहुणा आला, पण दारातच उभा राहिला. कानसेनांनी बटण चालू ठेवूनच मशीन लावलं. धप्प.

"मी आणलं तेव्हापासून हे असंच करतं," ते म्हणाले. "बायकोने मला ऐकू दिलं नाही. माझ्या ओरडण्याला घाबरून. आणि मी ह्याला बोललो."

कुणी रागावलं असतं तर बरं झालं असतं. सगळे चहाच्या कपात बघत बसले. मेहुणा आत येऊन बसला, पण खुर्चीच्या कडेवर.

बायको परतली त्यानंतर कानसेन मशीन स्वतः लावू लागले, तिच्याच क्रमाने. मित्र त्यांना कानसेन म्हणतच राहिले; ते मात्र त्या नावाला पुन्हा कधी ओ देईनात. मेहुणा येत-जात राहिला. त्या मशीनला मात्र त्याने परत हात लावला नाही. "दुसऱ्या कुणाला दाखवा," म्हणायचा. पुढे दुकान विकून तो मुलाकडे राहायला गेला. लेकीचा पाय जुळला, थंडीत तेवढा दुखतो.

कानसेन गेल्यावर मशीन लेकीकडे आलं आणि आईही. तिथे ते खुशाल धप्प करतं. नातवंडं दचकतात आणि खिदळतात. आजीचा हात अजून त्या बटणाकडे जातो. मग ती तो मागे घेते.