आजीने मागून आणलेला काटा

मित्रांनो, मला बघून नाक मुरडू नका. अंगावर गंज चढलाय, पण वजन अजून बरोबर सांगतो. मी एक जुना लोखंडी वजनकाटा आहे. ऑस्ट्रेलियातल्या कारखान्यात जन्मलो म्हणतात, मला मात्र आठवतो तो प्रशांत महासागरातल्या किरिबाती देशाच्या या बेटावर उतरल्याचा दिवस. चार माणसांनी मला होडीतून उचलून आणलं आणि खोबऱ्याच्या गोदामात बसवलं.

काय दिवस होते ते! सुकं खोबरं हीच इथली शेतीची कमाई. व्यापाऱ्याच्या भावात कुणाचं भागेना, म्हणून सरकार किलोमागे आपली भर घालून पैसे देई. पण वजन झाल्याशिवाय अनुदान नाही, आणि वजन सांगणारा मी! तोलणारा नाबुआका पोतं ठेवी आणि सगळे माझ्या सुईकडे डोळे लावून बसत.

"नाबुआकादादा, पोटही टेकव की जरा, तेवढंच अनुदान वाढेल!" अशी त्याची चेष्टा चाले.

मग बॅटरीवरचा चकचकीत काटा आला आणि मला कोपऱ्यात ढकललं. एकदा मच्छीमार ताके येऊन म्हणाला, "नाबुआका, तो जुना मला दे." आमच्याकडे नात्यातल्या माणसाने तोंड उघडून मागितलं की नाही म्हणायची सोय नाही. बुबुती म्हणतात त्याला. मी होतो सरकारी मालकीचा, पण चुलतभावापुढे सरकार कुठलं आलंय? नाबुआकाने मला निमूट देऊन टाकलं. ताकेने मला अंगणात ठेवलं आणि माझ्यावर कोंबड्या बसू लागल्या. फार वाईट वाटायचं हो.

त्या वर्षी गावातल्या तेकिनेने नावाच्या आजीची नात रोतिया शिकायला राजधानीत, तारावाला निघाली होती. बोटीचं भाडं आणि शाळेची फी आजीच्या खोबऱ्यातूनच निघायची होती. बोट येऊन उभी राहिली आणि नेमका नवा काटा खाऱ्या वाऱ्याने बंद पडला. पुढची बोट येईपर्यंत शाळा कधीच सुरू झालेली असणार.

"अरे, मग जुना आण की!" आजी नाबुआकाला म्हणाली.

"दिलेली वस्तू परत मागू? आजी, गाव तोंडात शेण घालेल माझ्या!"

"तू नको मागूस. मी मागते. मी कुठे दिलाय?"

आजी तडक ताकेच्या दारात. "ताके, बाळा, तो काटा मला दे."

ताकेने कपाळावर हात मारला. "मावशी, अगं कोंबड्या कुठे बसतील?"

"तुझ्या डोक्यावर! चल, उचल."

बिचाऱ्याने स्वतःच मला हातगाडीवर घालून गोदामात आणलं. नाबुआकाने माझ्या सांध्यांत खोबरेल ओतलं. पहिलं पोतं ठेवलं, तर सुई हलेचना! आयुष्यात इतका घाबरलो नव्हतो मी. या पोरीचं वर्ष माझ्यामुळे वाया गेलं तर? मग आतून काहीतरी कुरकुरलं आणि सुई सरकली. पैसे हातात पडताच आजी ओरडली, "रडत काय बसलीस? पळ!" रोतिया पळाली.

तेव्हापासून मी आजीचा. तिनेच मागून आणलं ना! पुढे अनुदान वाढलं, पण पोरं एकामागून एक शिकायला गेली आणि खोबरं फोडणारे हात कमी झाले. आजीच्या अंगणातही आता पोती दिसत नाहीत.

गेल्या सुटीत रोतिया आली. आजीने तिला आल्या आल्या माझ्यावर उभं केलं.

"किती भरले गं, आजी?"

"थांब, नीट दिसत नाहीये."

दिसणार कसं? डोळे भरून आले होते तिचे. रोतियाच्या ते लक्षात आलं. ती उतरली नाही, तशीच उभी राहिली.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू जपा, एवढंच मी सांगणार होतो. पण त्याआधी घरी जाऊन या. कुणीतरी वाट बघत असेल. आणि गेलात की लगेच निघू नका.