टीचरांनी निवडलेलं लिनक्स

मुलाने भार्गवी टीचरांचा जुना लॅपटॉप भंगार ठरवला, पण त्यांना नवा परवडत नव्हता आणि गावाच्या इतिहासाचं पुस्तक अर्धंच झालं होतं. तोच लॅपटॉप घेऊन त्या त्रिशूरच्या वाचनालयातल्या शिबिरात गेल्या. तिथे विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली बसवून देत होते, पण तिचे प्रकार अनेक, आणि जो तो आपलंच लिनक्स सुचवत होता, जणू लग्नाचं स्थळच. शिबिरात मदत करणाऱ्या शरीफाने मात्र पेन ड्राइव्हवरून दोन लावून दाखवली.

"वापरून बघा, टीचर. तुमचं काही पुसलं जाणार नाही."

पहिलं देखणं होतं, पण धापा टाकत होतं. दुसरं साधंच, टीचरांनी त्यात मल्याळम ओळ लिहिली, तर अक्षरं बोटांबरोबर धावली.

"हेच. नाव काय याचं?"

"लुबुंटू."

"असू दे. माझं पुस्तक वाचवलंस, पोरी. उद्या तुम्हा सगळ्यांना गुळाचे उण्णियप्पम तळून आणते."

"जास्त आणा. बाकीचे सल्ले देऊन दमलेत."