लम्पी न झालेल्या गोऱ्ह्यातला जनुक

मित्रांनो, मी एक जुना जनुक आहे. किती जुना? पाच कोटी वर्षं धरा. लाख-दोन लाख इकडंतिकडं झाली तर तेवढी थाप माफ करा, वयाचा दाखला कुठं आहे माझ्याकडं!

सशाएवढ्या एका खुरवाल्या प्राण्यात मी पहिल्यांदा नोकरीला लागलो. काम चुगलखोराचं. अंगात रोगजंतू शिरला की त्याचा तुकडा पेशीच्या दारावर टांगायला लावायचा, म्हणजे रक्तातल्या शिपायांना चोर ओळखू येतो. चोर वेश बदलत गेले, तसे आम्हीही बदललो. एकाचे दोन, दोनाचे दहा झालो. काही भाऊ डुकरात गेले, काही उंटात, काही हरणात. मी गाईत आलो आणि फिरत फिरत कंधारकडच्या शेषेरावांच्या गोठ्यात पोचलो.

मागं गावात लम्पी आली. गुरांच्या अंगावर सुपारीएवढ्या गाठी उठल्या, कैक गुरं खड्डे काढून पुरावी लागली. आमच्या गोऱ्ह्याला एकही नाही! राबून राबून माझा जीव गेला आणि कौतुक झालं कुणाचं? दारावर टांगलेल्या बिब्ब्याचं!

या गोठ्यात पुढं जाऊ शकेल अशी माझी ही शेवटची प्रत. गोऱ्ह्याची आई आता वेत देत नाही. गोऱ्हा वळू झाला तरच मी पुढं जाणार. पण लाल कंधारी जातीचा वळू म्हणजे अंगभर लाल पाहिजे, आणि याच्या कपाळावर बोराएवढा पांढरा ठिपका.

गोऱ्ह्याला खच्ची करायला डॉक्टर उज्वलाताई चिमटा घेऊन आल्या.

"मामा, याला लम्पी झाली होती का?"

"न्हाई बा."

"मग वळू ठेवा की!"

"टिकल्या हाय त्यो, ताई. परदर्शनात उभा केला तर लोक हसतील."

शेषेरावांची बायको सिंधुबाई चारा टाकत होती. "लोकांची लाल लाल गुरं खड्ड्यात गेली, तवा कोन हसलं?"

"तू गप. वीस साल जातिवंताची पारख करून राहिलो मी."

"लई पारखी! तुमची मिशी कवाची पांढरी झाली, म्या बदललं का तुमाला?"

उज्वलाताई हसल्या. शेषेराव हसले नाहीत. "चालवा चिमटा," म्हणाले.

मला तोंड असतं तर कंधारपासून माहूरपर्यंत ऐकू गेलं असतं. चिमटा दोनदा वाजला.

गोऱ्हा आता बैल होईल, नांगर ओढील, धडधाकट राहील. मी त्याच्यासोबत आहे, त्याच्यानंतर नाही.

मित्रांनो, तुमच्याकडं रोगराई येऊन गेली, तर आजारी न पडलेल्या जनावराचं नाव भिंतीवर लिहून ठेवा. आणि चिमटेवाल्याला बोलावण्याआधी ती भिंत वाचा.