सरपंचबाई सतरंजीवर

मी ग्रामपंचायतीची सागवानी खुर्ची बोलतेय, आणि संतापून बोलतेय. गोड ऐकायचं असेल तर दुसरीकडे जा.

दरेकशाच्या जंगलातला साग तोडून एका इंग्रज साहेबासाठी मला घडवलं. पाठीवर त्यांच्या राजाचा मुकुट कोरला. माझ्यावर रेलून साहेब दरडावायचा, "राजाचा हुकूम आहे, जंगलात पाय ठेवायचा नाही!" त्या राजाला हे जंगल कुठल्या दिशेला आहे तेही ठाऊक नसेल. नाव त्याचं, मिजास साहेबाची.

साहेब गेला आणि मी नवेगाव बांधाजवळच्या या पंचायतीत आले. वाटलं, आता ज्याचं नाव तोच बसेल. कसलं काय! गावाने सरपंच निवडलं भागीरथाबाईंना, आणि माझ्यावर बसतो त्यांचा भासरा, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ, उदाराम. भासऱ्यासमोर सुनेने खुर्चीवर बसू नये, ही इथली रीत. म्हणून बाई पदर घेऊन खाली सतरंजीवर, आणि हा वर तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळत 'सरपंचबाईंचा आदेश' सुनावणार. माझ्या अंगाची लाही लाही होते.

परवाच्या ग्रामसभेत त्याने गावचा तलाव बाहेरच्या ठेकेदाराला द्यायचं काढलं. त्या तलावातल्या मासोळीवर गावच्या मासेमार ढिवरांच्या चुली पेटतात.

"सरपंचबाईचा होकार हाय," तो म्हणाला. बाईंना कोणी विचारलंच नव्हतं.

"मी कवा होकार देल्ला, भाऊजी?"

साऱ्यांच्या माना सतरंजीकडे वळल्या. एवढ्या दिवसांत बाईंचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

उदाराम हसला. "तुले काय समजते? इंग्लंडचा राजाबी मंत्री लिहून देते तेच भाषन वाचते. तुही पोरगी प्राचीच सांगत होती ना, कॉलेजात शिकून आली तं?"

"हो, सांगतलं माह्या पोरीनं. अन काऊन वाचते, तेबी सांगतलं. त्याले कोनी मतं देऊन नाई बसवलं, म्हनून तो गप राह्यते. मले गावानं मतं देल्ली. मी कायले गप राहू? तलाव देत नाई!"

बाईंच्या बाजूने भराभर हात वर झाले. सभेला येऊन बसलेला ठेकेदार आल्या पावली परतला.

उदाराम मात्र माझ्यावरून हलला नाही. बाईंनी तलाव वाचवला, पण ती रीत काही त्यांच्याने मोडवली नाही. आजही त्या सतरंजीवरच बसतात, आणि त्यांनी वाचवलेल्या तलावातली मासोळी खाणारे तुम्ही गावकरी उदारामला 'या, बसा' म्हणता! लाज वाटत नाही?

त्याला उठवा, नाहीतर मला फोडून चुलीत घाला. साहेबाला मी सोसलं, कारण तेव्हा निवडणं तुमच्या हातात नव्हतं. आता आहे; मग याला कोणी निवडलंय?