ठमीचा ताप

थर्मामीटर एकशे दोनवर थांबला. डॉक्टरीणबाईंनी तो पुसून ठेवला. "कुत्र्यांना एवढं असतंच, काका. कालही सांगितलं ना, ताप नाही."

टेबलावर आडव्या पडलेल्या ठमीच्या कानावरून शिंपीकाकांचा हात निघेना. काल तेच ऐकून त्यांनी तिला घरी नेले होते. तेव्हापासून तिने पाण्यालाही तोंड लावले नव्हते.

"राग मानू नका बाई, पण हे तुमचं रेडीमेड माप झालं. हिच्या अंगाला बसत नाही."

"म्हणजे?"

"मोठ्या डॉक्टरांनी थायरॉईडचा आजार शोधला ना हिचा? तेव्हापासून ही थंडगार. चार पावलं चालली की उपकार केल्यासारखं बघते. गोळ्या सुरू होऊन पंधरा दिवस झाले, अंगाला ऊब नाही. आणि काल अचानक कान गरम!"

मोठे डॉक्टर गेले आठवडाभर रजेवर होते. बाईंनी ठमीचे कार्ड उलटले. काल त्यांनी मागची बाजू पाहिलीच नव्हती. तिथे मोठ्या डॉक्टरांच्या अक्षरात तीन भेटींचे आकडे होते: अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. पॉइंट आठ. पॉइंट सहा.

बाईंनी ते आजच्या एकशे दोनशी ताडून पाहिले. ज्या शरीराची शेगडीच मंद झालेली, त्याने जिवाचा आटापिटा करून तीन अंशांहून जास्त चढ गाठला होता. आणि त्या चढाला बाई दोन दिवस नॉर्मल म्हणत होत्या.

तापाचे कारण शोधायला लगेच केलेल्या सोनोग्राफीत गर्भाशय पुवाने भरलेले दिसले.

"ऑपरेशन लगेच करावं लागेल. काल केलं असतं तर आशा जास्त होती," बाई म्हणाल्या. "आता भरवसा देत नाही. चूक माझी आहे."

काकांनी मान खाली घातली. "करा," एवढेच म्हणाले.

पू निघाला, टाकेही पडले. पण ठमी भुलीतून बाहेर आली नाही. गरम पाण्याच्या पिशव्या लावूनही तिचे अंग निवतच गेले.

बाई हात धुऊन आल्या आणि कार्डावर कालच्या तारखेपुढचे 'नॉर्मल' खोडून त्यांनी दोन ओळी लिहिल्या. कार्ड काकांपुढे धरले.

"चष्मा नाही आणला. वाचा तुम्हीच."

बाहेरच्या बाकावर मांजरे, पिल्ले घेऊन माणसे बसली होती. दार उघडेच होते. बाईंनी कार्ड स्वतःकडे वळवले.

"ताप होता," त्यांनी मोठ्याने वाचले. "मी ओळखला नाही."